बी.एस्सी. नर्सिंग करायचंय? फॉर्म भरण्याआधी एकदा वॉर्ड बघून या

बारावी सायन्सचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एमबीबीएसला नंबर लागत नाही ना, मग नर्सिंगला टाक."

हे बोलायला एक मिनिट लागतं, पण पुढे चार वर्षं जातात. फी, होस्टेल, मेसचा खर्च, कधी शेतीवर तर कधी बँकेतून काढलेलं कर्ज, हे सगळं त्या एका वाक्यावर उभं राहतं. आणि हे शिक्षण वर्गात बसून होत नाही. पहिल्याच वर्षी हातात बीपीचं मशीन येतं आणि समोर खराखुरा पेशंट असतो.

म्हणून बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे नेमकं काय, प्रवेश कसा मिळतो, फीमध्ये सवलत कुणाला, कॉलेज कसं पारखायचं आणि पुढे काय, हे सगळं वर्धा जिल्हा समोर ठेवून समजून घेऊया.

एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. : फरक काय?

गावाकडे तिन्ही कोर्सना सरसकट 'नर्सिंग' म्हणतात. पण तिन्हींची वाट वेगळी आहे.

एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स. उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, गरोदर बाईची नोंद ठेवणाऱ्या ज्या सिस्टर दिसतात, त्यांचं मूळ शिक्षण बहुतेक वेळा हेच असतं.

जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा. तो करून हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स होता येतं.

बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. ती झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नर्स आणि मिडवाइफ, म्हणजे प्रसूती करू शकणारी व्यक्ती, अशी दुहेरी नोंदणी होते. पुढे एम.एस्सी. करून शिक्षक होण्याची वाटही थेट उघडते.

जीएनएम झालेल्यांना मागाहून दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. म्हणजे आज पैसे कमी आहेत म्हणून जीएनएम केलं, तर पदवीचा दरवाजा कायमचा बंद होत नाही. हे घरच्यांना जरूर सांगा.

वर्ध्याची गोष्ट वेगळी का?

एका जिल्ह्यात, तेही आठ तालुक्यांच्या, दोन मोठी शिक्षण देणारी हॉस्पिटल्स असणं तसं दुर्मीळ. वर्धा शहराच्या एका बाजूला सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल आणि दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्हींच्या परिसरात वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि नर्सिंग कॉलेजही.

शुश्रूषा या शब्दाचं वर्ध्याशी जुनं नातं आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगावात राहायला आले. याच गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या आश्रमात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले. त्यांना कुष्ठरोग होता आणि त्या काळात कुष्ठरुग्णाच्या जवळही कुणी जात नसे. गांधीजींनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून घेतली आणि त्यांच्या अंगाला मालिश करण्याचं, जखमा बघण्याचं काम स्वतः केलं. ही कुटी आजही आश्रमात बघता येते. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं होतं.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधी गेल्या. त्यांच्या नावानं सेवाग्रामला दवाखाना उभा राहिला आणि डॉ. सुशीला नायर यांनी तो वाढवला. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. कस्तुरबा नर्सिंग कॉलेज याच परिसरात आहे.

पण विद्यार्थ्यासाठी इतिहासापेक्षा महत्त्वाचं आहे ते इथे येणारे पेशंट. वर्धा हा कापूस-सोयाबीनचा पट्टा. पावसाळा लागला की साप चावलेले पेशंट येतात. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची बाधा झालेले येतात. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं, त्यामुळे वारंवार रक्त चढवावं लागणारी मुलं येतात. शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूरकडूनही पेशंट येतात. जे पुस्तकात एका परिच्छेदात असतं, ते इथे समोरच्या खाटेवर असतं.

प्रवेशासाठी काय लागतं?

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. पीसीबीमध्ये मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, तर मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं.

महाराष्ट्रात २०२३ पासून राज्य सीईटी कक्ष बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी घेतो. पेपर १०० प्रश्नांचा असतो. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगची आवड-क्षमता तपासणारा भाग असे पाच विषय असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही त्या वर्षीची माहिती पुस्तिका सीईटी कक्षाच्या वेबसाइटवरून उतरवून स्वतः वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ बऱ्याचदा मागच्या वर्षीची असते.

सीईटीनंतर कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया होते. मार्क चांगले असूनही काही जणांची जागा इथे हातची जाते, कारण कागद पूर्ण नसतात. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि सगळ्यात वेळ खाणारं जात वैधता प्रमाणपत्र. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच करून ठेवा. निकालानंतर धावपळ करून ते वेळेत मिळेल याची खात्री नसते.

सेवाग्राम आणि सावंगी : फरक कागदावर समजून घ्या

सेवाग्रामचं कस्तुरबा नर्सिंग कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. सावंगीचं श्रीमती राधिकाबाई मेघे स्मृती नर्सिंग कॉलेज हे दत्ता मेघे उच्च शिक्षण व संशोधन संस्थेचा भाग आहे आणि ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे.

विद्यार्थ्याला यानं काय फरक पडतो? मुख्य फरक दोन.

एक, अभिमत विद्यापीठाची प्रवेश प्रक्रिया त्याची स्वतःची असते. त्यामुळे फक्त राज्याच्या सीईटीवर विसंबून राहू नका. तिथे जायचं असेल तर त्यांचं वेळापत्रक वेगळं बघा.

दोन, फीची सवलत. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत द्यायची. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठं यातून वगळली आहेत आणि मॅनेजमेंट कोट्यालाही ही सवलत नाही.

याचा अर्थ एक कॉलेज चांगलं आणि दुसरं वाईट असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की दोन मैत्रिणी एकाच जिल्ह्यात, एकच कोर्स करत असल्या तरी दोघींच्या घरचा हिशेब खूप वेगळा असू शकतो. एससी-एसटी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या : माझ्या प्रवर्गाला, या कोर्सला, या जागेवर नेमकी किती फी भरायची? होस्टेल, मेस, युनिफॉर्म आणि बसचा खर्च सवलतीत धरू नका.

चार वर्षांत शिकवतात काय?

२०२१-२२ पासून देशभर सेमिस्टर पद्धत लागू झाली. एकूण आठ सेमिस्टर.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, पोषण आणि नर्सिंगचा पाया. बेड कसा घालायचा, पेशंटची कूस कशी बदलायची, ताप-नाडी-श्वास कसे मोजायचे, हे इथे शिकवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण बेशुद्ध पेशंटची कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होतात आणि त्यातून जीवही जाऊ शकतो.

दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, पॅथॉलॉजी आणि मोठ्या माणसांच्या आजारांचं नर्सिंग. तिसऱ्या वर्षी लहान मुलं, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य आणि प्रसूतीशास्त्राची सुरुवात. फॉरेन्सिक नर्सिंगची ओळखही आता होते. अत्याचाराची पीडित व्यक्ती हॉस्पिटलमध्ये आली तर पुरावा कसा जपायचा आणि तिच्याशी कसं बोलायचं, हे त्यात येतं. चौथ्या वर्षी प्रसूतीशास्त्राचा पुढचा भाग, संशोधन आणि शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप. तेव्हा आठवड्याला ४८ तासांची ड्युटी असते.

पास होण्यासाठी थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के लागतात, बारावीसारखे ३५ नाही. थिअरीला ८० टक्के हजेरी हवी आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. आजारी पडून वॉर्डचे दिवस बुडाले तर ते भरून द्यावे लागतात.

सगळ्यात अवघड काय जातं?

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिला धक्का भाषेचा बसतो. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजीत, केस प्रेझेंटेशन इंग्रजीत. आणि वॉर्डात आजी म्हणते, "सिस्टर, सलाईन संपून रायली." म्हणजे पेशंटचं वऱ्हाडी ऐकायचं, फाइलमध्ये इंग्रजी लिहायचं आणि डॉक्टरांचं इंग्रजी परत आजीला समजेल असं सांगायचं. ज्या मुलीला आपलं इंग्रजी कच्चं म्हणून लाज वाटते, तीच मुलगी या वॉर्डात आजीशी सगळ्यात नीट बोलू शकते. इंग्रजी शिकता येतं. बारावीनंतरच्या सुट्टीत रोज अर्धा तास शरीररचनेचे शब्द मोठ्यानं वाचले तरी पहिलं सेमिस्टर हलकं जातं.

दुसरा धक्का शरीराचा. तासन् तास उभं राहणं, रक्त, उलटी, शौचाचं भांडं. काहींना पहिल्या आठवड्यात चक्कर येते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण घरी हे आधी सांगितलेलं असावं.

तिसरा धक्का मृत्यूचा. ज्या पेशंटला सकाळी चहा प्यायला उठवून बसवलं, त्याची खाट संध्याकाळी रिकामी दिसते. यावर पुस्तकात फार काही लिहिलेलं नसतं. सीनिअर, शिक्षक, रूममेट, कुणाशी तरी बोललं पाहिजे. झोप उडाली, खाणं सुटलं, असं होत असेल तर हॉस्पिटलमध्येच मानसोपचार विभाग असतो, तिथे जा. नर्सनं पेशंट होण्यात कमीपणा नाही.

नाइट ड्युटी आणि घरच्यांची भीती

"पोरीची जात, रात्रीची ड्युटी" हे वाक्य जुनं आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदननं बायकांना नर्सिंगच्या प्रशिक्षणाकडे वळवलं, तेव्हाही समाजाचा विरोध होताच.

पण भीतीला आधारच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हॉस्पिटलच्या आवारातच हल्ला झाला. त्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत, ४१ वर्षांहून जास्त काळ, त्या त्याच हॉस्पिटलमध्ये होत्या. त्यांची काळजी तिथल्या नर्सेसनीच घेतली.

म्हणून भीती दडपू नका, तिचे प्रश्न करा. होस्टेल ते वॉर्ड हा रस्ता उजेडाचा आहे का? नाइटला विद्यार्थिनी एकटी असते की स्टाफबरोबर? कपडे बदलायची खोली कुठे आहे? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती आहे का आणि तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का? पालक म्हणून हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि हो, मुलगेही बी.एस्सी. नर्सिंग करतात. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात.

कॉलेज कसं पारखायचं?

नर्सिंग कॉलेजची जाहिरात बघा. चकचकीत इमारत, प्रोजेक्टर, लॅबमधला पुतळा. पण नर्स तयार होते ती पेशंटजवळ. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषानुसार एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असायला हवेत. साधा हिशेब करा. एका सकाळी ४० विद्यार्थी वॉर्डात गेले तर निदान १२० पेशंट हवेत. कॉलेजशी जोडलेल्या हॉस्पिटलच्या निम्म्या खाटा रिकाम्या असतील, तर विद्यार्थी शिकणार कशावर?

म्हणून प्रवेशाआधी एवढं कराच :

– कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे तपासा. भारतीय नर्सिंग परिषदेच्या वेबसाइटवरच्या यादीतही नाव शोधा. नाव नसेल तर पुढे दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात नोंदणीला अडचण येऊ शकते.

– मान्यता कोणत्या वर्षासाठी आणि किती जागांसाठी आहे, हे बघा. "मान्यता येणारच आहे" या शब्दावर पैसे भरू नका.

– भेटीच्या वेळेत हॉस्पिटलच्या वॉर्डात जा. खाटा भरलेल्या आहेत का? विद्यार्थी पेशंटजवळ दिसतात की कोपऱ्यात फाइल लिहीत बसलेले? प्रसूती कक्षात महिन्याला किती बाळंतपणं होतात, हे विचारा.

– तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी गेटबाहेर चहा प्या. शिक्षक वॉर्डात सोबत येतात का, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

– मूळ कागदपत्रं कॉलेजकडे किती दिवस राहणार आणि कोर्सनंतर त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये काम करायची अट आहे का, हे आधी लेखी घ्या.

पदवीनंतर काय?

पहिलं काम म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. नोंदणीशिवाय पदवी असूनही नर्स म्हणून काम करता येत नाही.

सरकारी नोकरीत राज्यात 'अधिपरिचारिका' हे पद असतं. त्याची वेतनश्रेणी ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. एम्ससाठी 'नॉरसेट' ही परीक्षा असते. तिथे नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. एम्समध्ये ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, त्यामुळे मुलांनी तयारी जास्त धरावी. गावाजवळ राहायचं असेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं.

खासगीतलं चित्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधल्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. तिनं सुचवलं की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलनं नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्यावा आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलमध्येही तो २० हजारांच्या खाली नसावा. पण ही शिफारस आहे. छोट्या शहरांतल्या दवाखान्यांत सुरुवातीचा पगार याहून कमी असल्याचं सर्रास दिसतं. कर्ज काढताना हप्त्याचा हिशेब सरकारी पगारावर मांडू नका.

परदेशाची वाटही आहे. अमेरिकेसाठी एनक्लेक्स परीक्षा, ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा आणि त्यांच्या कौशल्य चाचण्या, जर्मनीसाठी साधारण बी-२ पातळीचं जर्मन. प्रत्येक ठिकाणी चांगल्या वॉर्डमधला अनुभव विचारला जातो. 'शंभर टक्के जॉब' सांगून आधी लाखो रुपये मागणाऱ्या एजंटपासून सावध राहा.

मग घ्यावा का प्रवेश?

डॉक्टर होता आलं नाही म्हणून घ्यायचा असेल तर थोडं थांबा. डॉक्टर राउंडला येऊन जातात. उरलेले तास पेशंटजवळ नर्स असते. श्वास बदलला, लघवी कमी झाली, पेशंट उगाच बडबडायला लागला, हे आधी तिच्या लक्षात येतं आणि तिनं वेळेवर सांगितलं तर पुढचं सगळं वाचतं. हे काम आवडेल का, हा प्रश्न सीईटीच्या मार्कांइतकाच महत्त्वाचा आहे.

त्याचं उत्तर घरी बसून मिळणार नाही. आजोबांना, मावशीला, शेजारच्या काकांना कधी ना कधी हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागतंच. त्या वेळी एक रात्र पेशंटजवळ थांबा आणि सिस्टर काय करतात ते बघत राहा. सकाळी घरी जाताना "हे मलाही जमेल" असं वाटलं, तर बिनधास्त फॉर्म भरा.